शेटेभाऊंचा चुकीचा आल्टरनेटर

चि. अर्णव आणि चि. मीरा,

दर रविवारी तुम्ही दोघं फोनवर एकच प्रश्न विचारता, "आजी, शेटे आजोबांनी आल्टरनेटर बसवला का?" तीन रविवार मी "बसवतील रे" म्हणून वेळ मारून नेली. चौथ्यांदा तेच सांगणं मला जमायचं नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. मराठीत लिहिते, कारण शेटेभाऊ इंग्रजीत मावत नाहीत. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. तिलाही अडला तर मला कळवा, मग मी तिच्याशी बोलते.

आम्ही निगडीला प्राधिकरणात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर तोरणाला एक लाल टॅग लटकत होता. सुबक अक्षरात लिहिलं होतं, "रिजेक्ट. कारण : झेंडू प्लॅस्टिकचा." खाली सही. मी टॅग घेऊन तडक शेजारच्या दारात. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर लावलेले एक गृहस्थ बाहेर आले.

"हे तुम्ही लावलंत?"

"हो वहिनी. ड्रॉइंग काय म्हणतं? तोरण म्हणजे झेंडू आणि आंब्याची पानं. तुमचं मटेरियलच चुकलंय."

आतून त्यांच्या पत्नीचा, सुमनताईंचा आवाज आला, "अहो, लोकांचं सामान तरी उतरू द्या आधी!"

शेटेभाऊ बत्तीस वर्षं एकाच कंपनीत इन्स्पेक्शनला होते, आधी चिंचवडला, मग चाकणला. बाहेरून आलेला प्रत्येक सुटा भाग ड्रॉइंगशी ताडून पाहायचा. जुळला तर हिरवा टॅग, नाही जुळला तर लाल. आणखी एक पिवळा असतो. भाग चुकीचा आहे हे मान्य, पण अडचण आहे म्हणून चालवून घेऊ, असा त्याचा अर्थ. त्याला डेव्हिएशन म्हणतात. त्यावर दोष, कारण आणि मुदत लिहून कुणीतरी जबाबदारीने सही करायची असते.

"साहेब आले, साहेबांचे साहेब आले," ते तुमच्या आजोबांना ऐकवायचे, "पण पिवळ्यावर सही? आपण नाही केली, राव. लाइन थांबू दे म्हटलं."

कंपनीत हे ठीक होतं. पण दिवाळीत ते चकलीलाही व्हर्नियर लावत. "बाहेरचा व्यास बरोबर आहे. दुसऱ्या वेढ्यात गॅप जास्त पडलाय."

"खायची आहे की बसवायची आहे?" सुमनताई विचारायच्या.

तळेगावला एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या कोऱ्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "मुलगा चांगला आहे. गाडीचा डावा हेडलाइट मात्र वेगळ्या बॅचचा आहे." त्या गृहस्थांनी पुढचे सगळे विधी गाडीकडे बघत काढले.

त्यांच्या स्वतःच्या गाडीला मात्र कुणी बोट लावायचं नाही. लाल, दोन सीटची, टप दुमडणारी जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार. एका परदेशी इंजिनिअरने मायदेशी जाताना मागे सोडलेली. शेटेभाऊंनी ती स्क्रूपर्यंत सुटी केली आणि अस्सल भाग शोधून पुन्हा उभी केली. अस्सल म्हणजे नुसता त्या मॉडेलचा भाग नव्हे. इंजिन चालू असताना बॅटरी भरत ठेवतो तो आल्टरनेटरच घ्या. त्याच्या अंगावर नंबर असतो, आणि तो कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात बनला तेही ठोकलेलं असतं. शेटेभाऊंच्या मते तो गाडीच्या जन्माआधी दोन-तीन महिन्यांतलाच हवा. "फार आधीचा असेल तर गोदामात कुजलेला. नंतरचा असेल तर सरळ लबाडी!"

"शेटे," तुमचे आजोबा म्हणाले, "स्वतःच्या लग्नात एवढी पत्रिका पाहिली होती का?"

"तिथे चॉइस आमच्या हिचा होता," शेटेभाऊ म्हणाले.

सुमनताई होत्या तोवर शेटेभाऊंनी त्या गाडीचं बॉनेट आमच्यापैकी कुणासमोर उघडलं नाही. त्या गेल्या, आणि शेटेभाऊ येईल त्याला बॉनेट उघडून दाखवू लागले. सिलिंडर घेऊन आलेला माणूस, कुरिअरवाला, मी. "हा बघा आल्टरनेटर. फॅन चुकीचा, पुली चुकीची, मागचं कव्हर भलत्याच गाडीचं. नंबर तर खरवडून काढलाय!" हे सांगताना चेहरा असा फुलायचा, जणू नातवाचा रिझल्ट सांगताहेत.

आम्हाला वाटलं, बिचाऱ्यांना बरोबर भाग मिळत नाही. तुलाही तेच वाटलं, अर्णव. मागच्या दिवाळीत तू आलास, हवा तो नंबर वहीत उतरवून घेतलास आणि "मी इंग्लंडमध्ये शोधतो, आजोबा" म्हणून गेलास. मग दर बुधवारी तुमचा व्हिडिओ कॉल. शेटेभाऊ दुपारपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. पहिला आल्टरनेटर त्यांनी रंग दिलेला म्हणून नाकारला. दुसरा उजव्या बाजूला बसणारा, तिसऱ्याचा फॅन नंतरचा. चौथ्यावर तू अगदी खूश होतास, तर म्हणाले, "नंबरातला सात बघ, बाळा. त्या काळी सात असा नव्हता. शिक्का नवा मारलाय." पाचवा तू पाठवलास. मीराने तो स्वतःच्या लोकरी मफलरमध्ये गुंडाळला होता.

तो त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन तास भिंगाखाली धरला. आमचं जेवण ओट्यावर झालं. शेवटी म्हणाले, "वहिनी, ओके." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. हिरवा टॅग बांधला. दुसरा हिरवा टॅग मफलरला.

आणि बसवला नाही. मी विचारलं की "बघू", "बोल्ट यायचेत". परवाच्या शनिवारी पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, तिथे अस्सलपणाचं बक्षीस असतं. मला वाटलं, आता तरी बसवतील. सकाळी हॉर्न वाजवून म्हणाले, "वहिनी, एक सीट रिकामी आहे. चला." मी त्या गाडीत बसले. बसणं म्हणजे जवळजवळ रस्त्यावरच बसणं. पुण्याला पोचल्यावर मला बाहेर काढायला दोन माणसं लागली.

परीक्षक तरुण होता. बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि म्हणाला, "काका, सगळं ए-वन. पण हा आल्टरनेटर ओरिजिनल नाही."

"नाहीच," शेटेभाऊ आनंदाने म्हणाले.

त्याने हात आणखी आत घातला आणि आल्टरनेटरच्या मागून प्लॅस्टिकच्या पाकिटातला एक टॅग बाहेर ओढला. पिवळा. तो मोठ्याने वाचू लागला. "भाग : आल्टरनेटर. दोष : सर्व. कारण : सुमनने आणला. मुदत : गाडी चालते तोवर." खाली शेटेभाऊंची सही.

 तो पोरगा मार्क कापू की नको, असं त्यांच्याकडे बघायला लागला.

"काप की," शेटेभाऊ म्हणाले. "ड्रॉइंग काय म्हणतं? चुकीचा तो चुकीचाच."

त्याने कापले. बक्षीस दुसऱ्या गाडीला गेलं. शेटेभाऊंनी त्या परीक्षकाची पाठ थोपटली.

परतताना पिंपरीच्या सिग्नलला ते आपणहून बोलले. त्यांच्या निवृत्तीच्या आठ दिवस आधी आल्टरनेटर जळाला होता. शेवटच्या दिवशी याच गाडीतून घरी यायचं त्यांनी वर्षभर ठरवलेलं. मग घरी म्हणाले, जाऊ दे, कंपनीच्या बसने येईन. सुमनताईंना नट आणि बोल्टमधला फरक सांगता यायचा नाही. त्या एकट्या कुदळवाडीच्या भंगार बाजारात गेल्या, भाजीच्या पिशवीतून हा आल्टरनेटर आणला, मेकॅनिककडून बसवून घेतला आणि ट्रेलरच्या गर्दीतून स्वतः गाडी चालवत चाकणला गेटवर हजर झाल्या.

"चालवायला मेकॅनिकला आणता आलं नाही का?" मी विचारलं.

"दोनच सीट, वहिनी. तो बसला असता तर मी कुठे बसलो असतो?"

सगळ्या डिपार्टमेंटसमोर त्यांनी सवयीने बॉनेट उघडलं. एका नजरेत सगळं दिसलं. सुमनताईंनी विचारलं, "बरोबर आहे ना हो?"

"मग?" मी म्हटलं.

"ओके म्हणालो." सिग्नल सुटला तरी त्यांनी गाडी हलवली नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. "पिवळा टॅग खिशात होता. नोकरीतली शेवटची सही."

बऱ्याच वेळाने, निगडीच्या पुलाखालून वळताना, ते म्हणाले, "अर्णवला सांगा, पाचव्यात मी खूप शोधलं. खोट सापडली असती तर बुधवार चालू राहिला असता." मग गिअर बदलत, "कार्ब्युरेटरचा पण मला संशय आहे, म्हणावं."

संशय वगैरे काही नाही, हे मी पैजेवर सांगते. तरी बुधवारी त्यांना फोन करा.

तुमचा आल्टरनेटर त्यांच्या दिवाणखान्यात सुमनताईंच्या फोटोशेजारी आहे, हिरव्या टॅगसह, मफलरवर ठेवलेला. गाडीत चुकीचाच आहे. आज सकाळी त्यांनी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला. म्हणजे तो अजून बॅटरी भरतो.

तुमची,
आजी