बारा डुकरांचा बेंदूर

आकाराम हवालदारांनी आयुष्यात कशाची म्हणून हयगय केली नाही, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. म्हणून डॉक्टर अश्लेषाबाई जेव्हा म्हणाल्या, "पिल्लांच्या कानांत नंबरचे बिल्ले ठोकू या," तेव्हा त्यांना तो थेट पलटणीचा अपमान वाटला.

"बिल्ले कशाला? माझ्यावर सोडा," हवालदार म्हणाले. "आजारी सहांच्या पाठीवर तांबडा पट्टा, धडधाकट सहांच्या पाठीवर निळा. असा रंग लावतो, की ब्रह्मदेव खाली उतरला तरी पुसायचा न्हाई."

ब्रह्मदेवाला तेवढी सवड नव्हती. पण त्याच्याहून खमकं माणूस घरातच होतं, आणि त्याचा विचार हवालदारांनी केला नव्हता.

ही गोष्ट शहाण्णव सालची. सैन्यातून सुटल्यावर आकाराम चाळक्यांनी पाटणजवळच्या आपल्या गावात पांढऱ्या विलायती डुकरांचा फार्म काढला. चाळक्यांच्या घरात डुकरं, म्हणून गावानं नाक मुरडलं. भावकीनं चहाला येणं सोडलं. त्यात पिल्लांना हगवण लागली. मग तपासायला आल्या अश्लेषाबाई. त्या गुरांच्या डॉक्टर, आणि पाच वर्षं याच रोगावर प्रबंध लिहीत होत्या. त्यांनी विष्ठा तपासली. बारांपैकी सहा पिल्लांच्या पोटात जंतू निघाले, सहांच्या नाही.

"जंतू शिरले की आतड्याच्या पेशींतली काही जनुकं जागी होतात, काही गप्प बसतात," बाईंनी समजावलं. "कोणती जागी होतात, ते मला बघायचंय."

"म्हंजी बिगुल वाजल्यावर बराकीत कोन उठतंय आन कोन पांघरूण वढतंय, त्येच की."

"अगदी तेच. पण पिल्लांची अदलाबदल झाली, तर माझी पाच वर्षं पाण्यात."

"आन न्हाई झाली, तर पुस्तकात नाव येनार आमचं?"

"येणार की."

झालं. त्या दिवसापासून हवालदारांना दुसरं काही दिसेना. ज्या भावकीनं नाक मुरडलं, तिच्या नाकासमोर ते पुस्तक धरायचं, एवढंच त्यांनी मनाशी बांधलं. गावभर सांगूनही झालं.

पिल्लं दुसऱ्या दिवशी कराडला कापली जायची होती. आतड्याचा तुकडा काढला की तो लगेच गोठवावा लागतो, म्हणून हवालदार बाईंबरोबर डेअरीत गेले. बैलांचं वीर्य ज्या थंडगार नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात, तसली एक टाकी उसनी घेऊन दोघं दुपारी परत आले. आणि गोठ्याच्या दारातच थबकले.

बारा पिल्लं एकाच दावणीला. लख्ख धुतलेली, अंगावर हळदीचे ठिपके, गळ्यात एकेक झेंडूचं फूल. तांबडा पट्टा नाही, निळा पट्टा नाही. समोर हवालदारांच्या पत्नी हरणाबाई पुरणपोळीचं ताट घेऊन उभ्या.

"आगं, ह्ये काय केलंस?"

"आवं, आज बेंदूर हाय. बैलं इकली तुमी. मग ज्येंच्या जिवावर घर चालतंय, त्येंनाच न्हाऊ घातलं. उद्या तर चालली बिचारी. बिनअंघुळीची लावून देऊ व्हय?" आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आन पट्टं?"

"लय चिवट रंग वो. इटकरीनं घासला, तवा गेला."

अश्लेषाबाई टाकीवरच बसल्या. विष्ठा पुन्हा तपासायला आठवडा लागणार, आणि पिल्लं तर उद्याच कापायची होती. आजारी पिल्लू शेपटीखालून तरी कळलं असतं, पण हरणाबाईंनी तिथंही कसर ठेवली नव्हती. हवालदार डोक्याला हात लावून खाली बसले. लढाईतही ते असे बसले नव्हते.

"एवढ्यावर रडता व्हय?" हरणाबाई म्हणाल्या. "मला इचारा की. ह्यो तोंड फिरवून खातोय, ह्यो नानासो. आजारी. ही सारखी कुरकुरती, मनुबाई. आजारी. ह्यो दुसऱ्याच्या ताटात नाक घालतोय, आप्पासो. आजारी."

नानासो हवालदारांचे चुलते, मनुबाई आत्या आणि आप्पासो थोरले बंधू. आजारी सहाही जण त्यांच्याच घराण्यातले निघाले. धडधाकट सहा हरणाबाईंच्या माहेरचे.

"मावशी, यावर आमचे मार्गदर्शक सर विश्वास ठेवायचे नाहीत," बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. मग त्यांनाच युक्ती सुचली. बाई पाठ करून लांब उभ्या राहिल्या; हवालदारांनी पिल्लांची सरमिसळ केली, त्यांना एक ते बारा नंबर दिले, वेगवेगळी बांधली. कोणत्या नंबरचं पिल्लू आजारी, ही यादी हरणाबाईंनी सांगितली ती सरपंच हरिबांना. त्यांनी ती पाकिटात घालून लाखेनं बंद केली. आता कोणतं पिल्लू आजारी, हे प्रयोगशाळेत कुणालाच माहीत नव्हतं. आतड्यांनीच सांगायचं होतं.

चार महिन्यांनी बाई आपल्या सरांना घेऊन आल्या. भावकी झाडून हजर होती, फजिती बघायला. सरांनी जनुकांचा ठसा उमटलेली काळी फिल्म उजेडाला धरली. सहा पट्ट्या ठळक, म्हणजे जनुक जागं, पिल्लू आजारी; सहा फिक्या. हरिबांनी लाख फोडली आणि एकेक नंबर वाचला. दहा जुळले. सहा आणि नऊ मात्र उलटे.

"दहासुद्धा पुष्कळ झाले, बाई," सर मोठ्या मनानं म्हणाले. "माणसाची नजर चुकायचीच."

"सहा म्हंजी आप्पासो. त्यो आजारीच हुता," हरणाबाई म्हणाल्या. "तुमी काय तरी उलटं धरलंय."

सर हसले. भावकी हसली. खरे आप्पासो तर सगळ्यांत मोठ्यानं हसले. हवालदार मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले.

आठ दिवसांनी डेअरीच्या फोनवर निरोप आला. अश्लेषाबाईंनी टाकीतल्या नळ्या पुन्हा काढून पाहिल्या होत्या. इंग्रजी सहाच्या आकड्याखाली त्यांनी रेघ ओढलेली होती. सरांनीच ती नळी उलटी धरून नऊ वाचला होता, आणि खरी नऊची नळी सहाची म्हणून धरली होती. बाराच्या बारा जुळले. आणि कुणालाच आधी काही माहीत नसल्यामुळे परीक्षकांना बोट ठेवायला जागा उरली नाही. हवालदारांनी गावभर पेढे वाटले, आप्पासोंना दोन दिले.

अठ्ठ्याण्णव साली छापील प्रबंध घेऊन बाई स्वतः आल्या. ओटीवर भावकी मांडी ठोकून चहा पीत बसली होती. हवालदार इस्त्रीचा सदरा घालून, छातीवर पदकं लावून पुढं बसले. बाईंनी आभाराचं पान उघडलं आणि मराठी करून वाचलं, "हरणाबाई ए. चाळके, ज्यांच्या नजरेशिवाय हा प्रबंध झालाच नसता."

हवालदार वाट बघत राहिले. बाईंनी पान उलटलं.

"आन... माझं नाव?"

बाईंनी जीभ चावली. हरणाबाई शांतपणे म्हणाल्या, "आवं, हाय की. माझ्या नावात मधी."

त्या दिवसापासून फार्मवर येईल त्याला हवालदार ते पान दाखवतात. दोन शब्दांच्या मधल्या त्या एवढ्याशा अक्षरावर बोट ठेवतात आणि कडक आवाजात सांगतात, "ह्यो ए म्हंजी आमी."