भिंत चाखणारे वसंतसर

आमचे वसंतसर भिंती चाखतात. ही अतिशयोक्ती नाही. जुन्या इमारतीत शिरले की ते चपला काढतात, चष्मा कपाळावर सारतात आणि जिभेचं टोक भिंतीला टेकवून डोळे मिटतात. मग मिनिटभर कुणी बोलायचं नाही. त्यानंतर निकाल लागतो : "खारट. आत ओल आहे. वर पन्हळ फुटली असणार." आम्ही शिडी लावून वर जातो, तर पन्हळ फुटलेलीच असते.

एकदा ओझरच्या वाटेवर एका जुन्या धर्मशाळेत हा कार्यक्रम चालला होता. गणपतीला निघालेलं एक कुटुंब पाणी प्यायला थांबलं. भिंतीला तोंड लावून, डोळे मिटून उभे असलेले सर पाहून त्यातल्या बाईंनी डोक्यावर पदर घेतला, मुलांना पुढे ढकललं आणि सगळ्यांनी भिंतीला नमस्कार केला. मग बाईंनी मला हळूच विचारलं, "कंच्या देवाचं ठाणं म्हनायचं हे?" मी म्हटलं, "चुन्याच्या." त्यांनी पुन्हा एकदा हात जोडले आणि गेल्या.

आमचा स्टुडिओ नारायणगावात ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर आहे. दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा आणि आम्ही तिघं : आर्किटेक्ट वसंतसर, त्यांच्या हाताखाली मी, आणि गवंडीकाम बघणारे शांताराम मेस्त्री. जुन्या इमारती पाडायच्या नाहीत, दुरुस्त करून नव्या कामाला लावायच्या, एवढाच आमचा धंदा. मेस्त्री आहुप्याकडचे. येताना पोतंभर हिरडा घेऊन येतात. हिरड्याचं पाणी आणि गूळ घालून चुना मळला की भिंत पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही, असं सर आणि मेस्त्री दोघंही सांगतात. माझ्या गावी, लोणीला, वडलांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "पाच वर्सं शिकून चुन्यात गूळ कालवतीस व्हय? त्यापरीस लाडू वळ, चार लोक खातील तरी."

सरांचा एक लाडका शब्द आहे : "राहू द्या." कंत्राटदार म्हणाला, हा दरवाजा वाकडाय, काढू का? राहू द्या. तुळईवर पाकोळीचं घरटं आहे. राहू द्या. हॉटेलात पोऱ्या अर्धा कप उचलायला आला, तरी सर वर न बघता म्हणतात, राहू द्या. त्यांच्या सहा सदऱ्यांपैकी चार सदऱ्यांची कॉलर विरलेली आहे. त्याविषयी मी कधी विचारलं नाही, पण उत्तर मला माहीत आहे.

काम हातात घेतलं की सर पहिले आठ दिवस काहीच करत नाहीत. एक घडीची खुर्ची घेऊन त्या इमारतीत जाऊन बसतात. सकाळी जातात ते दिवेलागणीपर्यंत. ऊन सरकेल तशी खुर्ची सरकते. घरी जायची घाई त्यांना कधीच नसते, आणि मी त्याला कामाची आवड समजत आले होते. विचारलं तर म्हणायचे, "इमारत कशी उभी आहे ते नंतर बघू. तिच्यात कोण बसतं ते आधी बघू दे."

आणि मग नकाशा काढतात. इतर आर्किटेक्टांच्या नकाशात 'व्हरांडा', 'प्रवेशद्वार' असं लिहिलेलं असतं. आमच्या सरांच्या नकाशात लिहिलेलं असतं : 'इथे पोस्टमन सायकल टेकवतो.' 'इथे शेवंताबाई भाजी निवडतात, साडेचारनंतर.' 'इथे कुत्रं.' एकदा वीजखात्यातल्या एका साहेबांनी तो नकाशा उलटसुलट करून मला विचारलं होतं, "मॅडम, कुत्र्याला पॉइंट सिंगल फेजच द्यायचा ना?"

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या ज्या कामाला मोठा मानाचा पुरस्कार मिळाला, ते काम म्हणजे लोणीच्या पुढच्या एका गावातला गुरांचा जुना दवाखाना. काळ्या दगडाची भक्कम इमारत, कौलारू छप्पर, पुढे लांब व्हरांडा आणि अंगणात खोडा. खोडा म्हणजे उपचार करताना जनावर हलू नये म्हणून त्याला ज्यात उभं करतात तो लाकडी सांगाडा. डॉक्टर कधीच हमरस्त्यावरच्या नव्या दवाखान्यात गेले होते. गावातल्या बऱ्याच जणांना ही इमारत पाडून तिथे दुकानांचे गाळे हवे होते. सरपंचताईंना मात्र स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींसाठी अभ्यासिका हवी होती. त्यांनी सरांना ग्रामसभेत उभं केलं.

सरांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सर, गावाला चुना लावू नका म्हंजे झालं!" सभा खदखदून हसली. सर शांतपणे म्हणाले, "चुनाच लावणार आहे. सिमेंट लावलं तर हा दगड कुजेल." आणि खाली बसले. एवढंच भाषण. लोकांना काय पटलं देव जाणे, पण ठराव झाला.

तिथेच सरांना गेनूबाबा भेटले. गेनूबाबांनी त्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून उभी हयात काढली. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावर धरणं, सगळं तेच करायचे. निवृत्त झाले, दवाखाना गेला, पण बाबा रोज सकाळी येऊन व्हरांड्याच्या पूर्वेकडच्या ओट्यावर बसायचे ते बसायचेच. लोकही अजून वासरू घेऊन आधी त्यांच्याकडेच यायचे. बाबा जीभ बघायचे, कान चाचपायचे आणि सांगायचे, "काय न्हाई झालं, गूळ-पानी द्या." किंवा, "माझ्याच्यानं व्हनार न्हाई, डाक्टरकडं पळवा."

पहिल्या दिवशी सर खुर्ची घेऊन पोचले तेव्हा मी बरोबर होते. बाबांनी विचारलं, "कोन पायजे?"

"कुणी नको. बसायला आलोय."

"मंग बसा की."

झालं. आठ दिवसांत दोघं मिळून आठ वाक्यं बोलले असतील. पण आठ दिवस संपले तरी सर जातच राहिले. काम सुरू झाल्यावर तर रोजच. नारायणगावाहून एवढा हेलपाटा कशाला, असं मेस्त्री म्हणायचे. सरांच्या नकाशात त्या ओट्यावर लिहिलं होतं : 'गेनूबाबा. सकाळी नऊ ते अकरा, ऊन. संध्याकाळी पुन्हा.' सगळी अभ्यासिका त्या ओट्याला वळसा घालून आखलेली होती. खोडासुद्धा तसाच ठेवला. भिंतीवरच्या जुन्या रंगवलेल्या सूचनाही "राहू द्या"मध्ये राहिल्या. आजही पोलीस भरतीची मुलं 'आजारी जनावर वेगळे बांधावे' या पाटीखाली बसून गणितं सोडवतात.

पुरस्कारासाठी अर्ज करायचं खूळ माझं. सर म्हणाले, "राहू दे." पण मी त्यांचं थोडंच ऐकते! मला वाटत होतं, या माणसाचं काम चार लोकांनी बघावं. मी रात्रंदिवस खपून रंगीत, गुळगुळीत कागदावर नकाशे छापले. आणि छापताना शेवंताबाई, पोस्टमन, कुत्रं सगळ्यांना पुसून टाकलं. परीक्षक काय म्हणतील! 'गेनूबाबा' पुसून तिथे मी झोकात लिहिलं : 'मल्टिपर्पज स्पेस'.

एक प्रत साइटवर राहिली. सर तेव्हा दहा दिवस जुन्नरच्या एका कामावर अडकले होते. शांताराम मेस्त्रींसमोर दोन नकाशे : एक सरांचा, चुन्याची बोटं उमटलेला, आणि एक माझा, नवा कोरा, चकचकीत. त्यांना वाटलं, नवा म्हणजे सुधारलेला. आणि मल्टिपर्पज म्हणजे काय, हे त्यांनी अभ्यासिकेच्या मुलांना विचारलं. मुलं म्हणाली, काहीही ठेवायची जागा. मेस्त्री कामाला चोख. त्यांनी ओट्यापुढे काच लावून घेतली आणि ओट्यावर मुलांच्या चपलांची मांडणी ठोकली.

मला हे कळलं ते परीक्षक आले त्या दिवशी, सगळ्यांबरोबरच. मुंबईच्या एक बाई आणि दिल्लीचे एक गृहस्थ होते. सरपंचताईंनी नारळ दिले, फेटे बांधले. सर जुन्नरहून थेट तिथेच उतरले. दिल्लीच्या गृहस्थांनी फेटा सावरत विचारलं, "सर, आपका कॉन्सेप्ट क्या है?" सर घसा खाकरतात तोच अंगणातून हाक आली.

"ओ राव, गेनूबाबा कुटं हायती? म्हशीचं शिंग हललंय!"

एक शेतकरी म्हैस घेऊन खोड्यापाशी उभा होता. सरांनी ओट्याकडे बघितलं. काचेमागे तीस-चाळीस चपला नीट जोडीने बसल्या होत्या.

"गेनूबाबा कुठे आहेत?" सरांनी विचारलं.

"आठ दिस झालं, आलं न्हाईत," मेस्त्री म्हणाले आणि सरांचा चेहरा बघून त्यांनी खिशातून माझा नकाशा काढून पुढे धरला. सरांनी ते दोन शब्द मोठ्याने वाचले, "मल्टिपर्पज स्पेस." मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. सर नकाशाची घडी घालत वळले. परीक्षकांना म्हणाले, "मी आलोच. तुम्ही बसा." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "बसायला जागा नाहीये. उभे राहा."

आणि चालते झाले. पुरस्कार, परीक्षक, फेटे सगळं तिथेच टाकून. मी मागोमाग धावले. वळून बघितलं तर शेतकऱ्याने म्हशीचा कासरा दिल्लीच्या गृहस्थांच्या हातात दिला होता : "पावणं, जरा धरा, मी पानी आनतो." पुढे निकालपत्रात त्यांनी 'या वास्तूचं गावाशी असलेलं जिवंत नातं' असं जे काही लिहिलं, ते बहुधा त्या कासऱ्याने सुचवलं असावं.

गेनूबाबा घराच्या अंगणात कडब्याच्या पेंढ्या बांधत होते. सरांना बघून उठायला लागले.

"बाबा, येत का नाही तुम्ही?"

बाबांनी पेंढीची गाठ आवळली. "सायेब, लई चांगलं केलंय तुमी. पोरं अभ्यास करत्यात. पर माज्या जागंवर आता पायताणं बसत्यात. मी कुटं बसू?" आवाजात राग नव्हता.  मी म्हटलं, "बाबा, चूक माझी आहे. तुमचं नाव मी पुसलं. सरांनी लिहिलं होतं."

"नाव लिवलं व्हतं?" बाबांनी सरांकडे बघितलं. "माजं?"

"हो," सर म्हणाले. "काच आजच्या आज काढतो. पण तुम्ही या." ते थांबले. सहा वर्षांत मी त्यांना शब्दासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं. "बाबा, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लांब आहे. घरी मी एकटाच असतो. मी इतक्या इमारतींतून जाऊन बसलो, पण 'बसा की' असं मला फक्त तुम्ही म्हणालात. मी रोज काम बघायला नव्हतो येत. तुमच्याशेजारी बसायला येत होतो."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. माझे डोळे भरून आले. मी दुसरीकडे बघत राहिले.

बाबांनी हात झटकले, घोंगडी उलगडून पायरीवर टाकली. "हे आदी नाय का सांगायचं, राव! बसा. च्या घिऊ, मंग जाऊ."

"तिकडे म्हैस खोळंबलीय," मी म्हटलं. "आणि परीक्षक."

"शिंग हललंय नव्हं? घटकाभरानं काय मरत न्हाई ती. परीक्षकाचं मला ठावं न्हाई."

सर बसले. मला म्हणाले, "तू हो पुढे. सांग त्यांना, थोडा उशीर होईल." मी निघाले. फाटकाशी पोचले तेव्हा आतून चहाचे कप आले होते आणि गेनूबाबा जनावराची विचारपूस करावी तशा मायेने सरांना विचारत होते, "घरी सैपाक कोन करतं तुमचा? राती जेवता का नाय?"

सहा वर्षं मी या माणसाच्या हाताखाली काम करते. हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.