काळीची वंशावळ

नाजनीन आमच्या अणदूरच्या घरी आली की आधी गोठ्यात जाते आणि शेळ्यांना 'अहो' म्हणते. "अहो, जरा मान इकडं करा. झालंच हां, माफ करा." रक्त काढून होईपर्यंत ही आर्जवं चालतात. माझ्या बायकोला मात्र ती पहिल्या दिवसापासून 'ए काकी' म्हणते. "गोठ्यात जन्मले असते तर मलाबी मान मिळाला असता," असं बायकोचं म्हणणं.

ही नळदुर्गची पोरगी सोलापूरला राहून पीएच.डी. करते. आपल्याकडच्या काळ्या शेळ्या कोरड्या मुलखात तगून जुळी करडं कशी देतात, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यात काय बदलत गेलं, हे ती त्यांच्या जनुकांतून वाचते. त्यासाठी मूळची इथलीच शेळी लागते. म्हणून तिचा एकच प्रश्न, "आणि तिची आई?" उत्तर दिलं की पुन्हा, "आणि तिची आई?" एकदा मी तिला माझ्या सासूबाईंची ओळख करून दिली. "आणि त्यांची आई?" सवयीनं तोंडातून गेलं. सासूबाईंनी अर्धा तास सांगितलं. हिनं लिहूनही घेतलं.

आमच्या काळीबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणालो, "माझ्या आज्ज्यापासूनची अवलाद आहे ही." खोटं होतं. काळी मी आठवडी बाजारात घेतली होती, ट्रकमधून शेळ्या आणणाऱ्या परमुलखातल्या व्यापाऱ्याकडून. पण एवढी शिकलेली मुलगी वही उघडून आपल्या गोठ्याचं घराणं विचारते म्हटल्यावर 'बाजारातली' म्हणवेना. मी शाळेत शिकवतो. पोरांना रोज खरं बोला म्हणून सांगतो.

या खेपेला ती आली ती पार वाळलेली.

"काका, काळीचं रक्त बाकीच्या शेळ्यांशी जुळतच न्हाय. तीनदा तपासलं. माझे गाइड सर म्हणतात, तुझ्याच हातून रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली. मग बाकीच्या नळ्यांचा तरी काय भरोसा? चार वर्षांचं काम पहिल्यापासून करावं लागंल."

मी काळीची मान धरून उभा होतो. सुई लागायच्या आत सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"परत सांगा," एवढंच म्हणाली. मी परत सांगितलं.

"म्हणजे नळ्या बरोबर होत्या?"

"व्हय."

ती कडब्यावर बसली आणि बराच वेळ रडली. मग कळलं, आठ महिने ती घरी गेलीच नव्हती. आमच्यापर्यंत यायची आणि घर इतकं जवळ असताना तशीच सोलापूरला परतायची.

"असं कुठं असतंय का गं?" बायको कळवळली.

"अब्बांनी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलंय, यंदा पोरगी डॉक्टर होणार. कसं चाललंय म्हणून विचारलं असतं त्यांनी. त्यांच्याशी खोटं बोलायला जमत न्हाय मला, काकी."

मी मोटरसायकल काढली. नळदुर्गात गल्लीच्या तोंडाशी उतरून तिनं ओढणी सारखी केली, चार पावलं गेली आणि परत आली.

"काका, आत येऊन अब्बांना पण सांगता? माझी चूक नव्हती म्हणून?"

मी गाडी स्टँडवर लावली.