ही बाजू वर

कार्टन बांधण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या शारजात सापडायचा नाही! माझं कार्टन विमानातून खाली टाका, उंटांकडून तुडवून घ्या, दोरी हलायची नाही. गाठी शिकलो साइटवर परांची बांधताना. अक्षरं त्याच्याही नंतर, पन्नाशीत, कॅम्पमधल्या रामचंद्र फोरमनकडून. तेव्हापासून कार्टनवरचा मजकूर मी दुसऱ्या कुणाला लिहू देत नाही.

तर आमची नात सफा कॉलेजातर्फे युरोपला निघाली.

"कशाला गं?"

"टु स्टडी युरोपियन कल्चरल मेमरी, नाना!"

म्हणजे तिथले लोक जुनं काय काय जपतात आणि त्यावरून स्वतःला कोण समजतात, ते बघायला. तिकीट काढून दुसऱ्याच्या आठवणी बघायच्या! बरं, प्रत्येकानं आपल्याही घरातली एक आठवणीची वस्तू न्यायची आणि तिथल्या म्युझियममधल्या मॅडमना दाखवायची. मार्क त्यावरच. नापास झाली तर स्कॉलरशिप खलास!

वस्तू ठरली ती माझ्या बायकोची, हव्वाबीची, खोबरं खवायची विळी. तिच्या आईची, थेट रत्नागिरीहून आलेली. सासरी येताना हव्वाबी रडली नसेल तेवढी ती विळी देताना रडली.

"स्मॉल बॉक्स, ओके नाना?" सफानं बजावलं.

स्मॉल बॉक्स! गल्फच्या माणसानं रिकामी जागा पाठवायची म्हणजे खानदानाची अब्रू गेली. मी टीव्हीचं कार्टन आणलं. विळीभोवती मसाला, पापड भरले. ते म्युझियम ज्या शहरात, तिथंच माझा पुतण्या ओवेस राहतो, त्याच्यासाठी सुकट घातली. मग दोरी आणायला खाली गेलो. परत येऊन बघतो तर मधोमध ही एवढी जागा! म्हटलं, सामान बसलं असणार. तिथं आणखी सुकट कोंबली आणि गाठी आवळल्या.

वर लिहिलं, 'ही बाजू वर'. पण विमानतळावरचे लोक कसंही फेकतात. काय भरवसा? म्हणून सहाही बाजूंना लिहिलं!

चार दिवसांनी सफाचा व्हिडिओ कॉल.

"नाना, माझा टर्न आलाय आणि नॉट्स सुटत नाहीत!"

"मग काप ना कात्रीनं!"

"म्युझियममध्ये कात्री अलाउड नाही!"

तेवढ्यात मागून मॅडम आल्या. कार्टनवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, इथं काय लिहिलंय?

"धिस साइड अप," सफा म्हणाली.

आणि इथं? "धिस साइड अप." आणि खाली? "धिस साइड अप, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, घर सोडलेल्या माणसाला खालची बाजूच उरत नाही! कुणी हात लावायचा नाही याला! आणि कार्टन काचेच्या कपाटात गेलं. युरोपवाले आमची दोरी वाकून वाकून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी ओवेस पोचला. "माझी सुकट द्या!" गार्डनं त्याला दारातनंच परत पाठवला. त्याचा मला फोन, "चाचा, माझ्या सुकटीला पहारा आहे!"

इकडे म्युझियममध्ये हीटर. तिसऱ्या दिवशी सुकटीनं तोंड उघडलं. लोक नाकाला रुमाल लावून कार्टनपुढे उभे, आणि मॅडम समजावतायत की वाससुद्धा आठवणच असते. चौथ्या दिवशी कुणीतरी गॅस गळतीची तक्रार केली. बंबवाले आले, म्युझियम रिकामं केलं आणि कुऱ्हाडीनं माझी दोरी तोडली.

मसाला निघाला. पापड निघाले. सुकट तर निघतच राहिली. विळी नाही!

संध्याकाळी सफाचा फोन. हुंदके देत होती. माझा जीव खाली-वर.

"नापास?"

"नो, फुल मार्क्स! मॅडम म्हणाल्या, जी वस्तू हरवते तीच खरी मेमरी. त्यापण रडल्या. पण नाना, नानीची विळी एअरपोर्टवर चोरीला गेली! तिला सांगू नका, प्लीज!"

मी काही बोलणार, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला. खर्र, खर्र, खर्र! मी डोकावलो. हव्वाबी विळीवर बसून आरामात खोबरं खवत होती.

"अगं, ही इथं कशी?" मी फोनवर हात ठेवून विचारलं.

"तुम्ही दोरी आणायला गेलात तेव्हा काढून घेतली. पोरीच्या वाटेतल्या वड्यांना खोबरं नको? पुन्हा ठेवायचं राहूनच गेलं. का, काय झालं?"

"नाना?" फोनमधून सफा. "व्हॉट्स दॅट साउंड?"

"कल्चरल मेमरी, बेटा," मी म्हणालो आणि नेट गेल्याचं सोंग केलं.