सोखारावांचा निरोप समारंभ

विजयालक्ष्मीबाईंच्या जावयाला देशाबाहेर काढण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा जावई आयर्लंडमधल्या ॲथलोन गावी घरामागच्या अंगणात सासूबाईंसाठी भरताचे वांगे भाजत होते. वांग्याचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता. संबंध बोटीचा होता.

जावयाचे नाव सोखा. बाई त्यांना सोखाराव म्हणत. आईवडील कंबोडियाचे, सोखाराव स्वतः थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासित छावणीत जन्मले आणि चार वर्षांचे असताना आयर्लंडात आले. इथेच वाढले. एकोणिसाव्या वर्षी मित्रांच्या नादाने त्यांनी शॅनन नदीवरची हंसाच्या आकाराची पायडल मारायची बोट विनापरवाना फिरवायला नेली आणि परत आणून जागेवर बांधताना ते पकडले गेले. सरकारी कागदात याला ‘जलवाहनाचे अपहरण’ म्हणतात. थोडा तुरुंगवास झाला, नागरिकत्व मिळायचे कायमचे राहून गेले. त्यानंतर पंचवीस वर्षे त्यांनी एका बेकरीत पाव भाजले. यंदा सरकारने जुनी प्रकरणे निकाली काढण्याचा पंधरवडा जाहीर केला आणि हंस पुन्हा पाण्यावर आला.

मुक्ताने या माणसाशी लग्न ठरवले तेव्हा बाईंनी लेकीशी अबोला धरला होता. आता घरात बाईंशी मराठीत वाद घालणारे तेवढेच एक माणूस उरले होते. मुक्ता दिवसभर मीटिंगमध्ये. नात पूर्वा, तिला मराठी सगळे कळे, पण कितीही लांबलचक विचारले तरी उत्तर येई, “यू आर ग्रँड, आजी.” म्हणजे आयरिश लोकांच्या तोंडचे ‘ठीक आहे, काळजी नको’. बाईंकडूनच मराठी शिकलेले सोखाराव मात्र भरतात कांदा कच्चा घालायचा की परतून, यावर बाईंशी तासभर भांडत. असा जावई हातचा जाऊ द्यायचा नाही, हे बाईंनी मनाशी पक्के केले.

घरचे सगळे सरकारच्या ‘प्रस्थान सुलभीकरण कक्षा’त, म्हणजे हद्दपारीच्या कचेरीत गेले. तिथले अधिकारी डेक्लन हे अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आधी चहा विचारला, मग हद्दपारी समजावली. अडचण अशी होती, की सोखाराव आपले आहेत याचा पुरावा कंबोडियाकडे नव्हता, आणि पुराव्याशिवाय ते त्यांना घेणार नव्हते. पुरावा शोधण्याची जबाबदारी अर्थातच सोखारावांची होती.

“आणि नाही सापडला तर?” बाईंनी विचारले. मुक्ताने भाषांतर केले.

“तर सहकार्य केले नाही म्हणून त्यांना तुरुंगात ठेवावे लागेल.”

“सापडला तर?”

“तर पाठवता येईल. पाठवेपर्यंत तुरुंगात ठेवावे लागेल. पण तो वेगळ्या नियमाखाली.”

बायको-मुलीचे काय, असे मुक्ताने विचारले. डेक्लनसाहेबांनी फाईल पाहून सांगितले, की पत्नीने बोटीचे प्रकरण माहीत असून विवाह केला, त्या अर्थी विरह गृहीत धरलेला दिसतो. मुलगी आयरिश नागरिक असल्याने वडील असणे हा तिचा हक्क आहे. ते कोणत्या खंडात असावेत, याबाबत कायदा मौन बाळगतो.

“म्हणजे माझं अर्धं तिकडचं आहे ते पण पाठवणार का?” पूर्वाने इंग्रजीत विचारले.

“नाही नाही, तू पूर्ण ग्रँड आहेस,” साहेब म्हणाले आणि तिला बिस्कीट दिले.

अपील करण्यापुरते सोखाराव घरी राहिले. वकिलीणबाईंनी सांगितले, या माणसाची मुळे ॲथलोनच्या मातीत रुजली आहेत, समाज त्याच्या पाठीशी आहे, असे दाखवा. समाज म्हणजे मराठी मंडळच. दर गणपतीत हॉलच्या खुर्च्या लावणे, मोजणे, आवरणे, सगळे सोखाराव करत.

मंडळाचे अध्यक्ष शैलेंद्र यांनी तातडीची बैठक घेतली. सर्वांना फार वाईट वाटले. ‘आपण कसे रीतसर व्हिसा घेऊन आलो’ हा मुद्दा प्रत्येकाने एकेकदा हळहळून मांडला. निषेधाचा ठराव करता येईना, कारण मंडळ घटनेनुसार अराजकीय आहे. सरकारला विनंतीपत्र देता येईना, कारण ज्यांनी सही करायची त्यांचे स्वतःचे नागरिकत्वाचे अर्ज त्याच सरकारकडे होते. घटनेत बसणारी एकच गोष्ट निघाली, ती सांस्कृतिक होती. निरोप समारंभ.

मुक्ता संतापली. “आई, तो अजून गेलेला नाही. जाऊ नये म्हणून तर धडपडतोय आपण.”

पण बाईंना हे पसंत पडले, आणि त्याला सबळ कारण होते. त्यांचे यजमान प्रल्हादराव पाटबंधाऱ्यात होते. मिरजेहून गडचिरोलीला बदली निघाली तेव्हा ऑफिसने दणक्यात निरोप दिला होता. शाल, श्रीफळ, बटाटेवडे, डोळ्यांत पाणी आणणारी भाषणे. दुसऱ्याच दिवशी बदली रद्द झाली. प्रल्हादराव ती शाल पांघरून पुढची सहा वर्षे त्याच खुर्चीत बसले. बाईंच्या दीर्घ अनुभवात निरोप दिलेला माणूस कुठेच जात नसे.

“हुकूम हा निरोप झाला की ढिला पडतो,” त्या म्हणाल्या. “करून टाका.”

समारंभ अपूर्व झाला. गॉलवेहून, मेनूथहून लोक आले. शाल आली, नारळ आला, चाकांची मोठी बॅगही आली. शैलेंद्र यांनी मानपत्र वाचले. मंडळात मानपत्र लिहिण्याची एकच रीत होती, तीत फक्त नाव बदलत. ‘कंबोडियाच्या थोर भूमीचे हे सुपुत्र आज मायभूमीच्या ओढीने, हसतमुखाने स्वगृही प्रयाण करीत आहेत.’ टाळ्यांचा कडकडाट झाला. सोखारावांना कार्यक्रमात हसायची सवय होती, ते हसले. बाईंनी पैठणी नेसली होती. मंडळातल्या रुपेशने फोटो काढला, आणि सगळ्यांनी घाई केल्यामुळे तो संध्याकाळच्या आत मंडळाच्या पानावर चढला. पाहुण्यांना वाचता यावे म्हणून मानपत्र इंग्रजीतही टाकले. खाली मंडळाचा गोल शिक्का होता.

आठवड्याच्या आत सोखारावांना बेकरीतून नेऊन तुरुंगात ठेवले.

डेक्लनसाहेबांनी मुक्ताला आणि बाईंना बोलावून मंडळाचे मनापासून आभार मानले. इतके सहकार्य कक्षाला आजवर कोणत्याच समाजाकडून मिळाले नव्हते. इसम कंबोडियाचा सुपुत्र असल्याचे मंडळाने शिक्क्यानिशी प्रमाणित केले होते. कंबोडियाच्या वकिलातीला हवा होता तो नेमका हाच पुरावा. इसम स्वखुशीने जात आहे, हे दुसऱ्या वाक्यात होते. समाजाची हरकत नाही, हे फोटोत दिसतच होते.

“पण ते टाळ्या वाजवतायत म्हणजे त्यांना आनंद झालाय असं नाही,” बाई म्हणाल्या. “आमची माणसं माइक सुरू झाला तरी टाळ्या वाजवतात.”

साहेबांनी याची नोंद घेतली. सांस्कृतिक खुलासा मान्य होईल, मात्र फोटोतल्या व्यक्तींनी तसे शपथेवर सांगावे: टाळी वाजवताना मी दुःखी होतो आणि सोखा यांनी इथेच राहावे अशी माझी इच्छा आहे.

बाई घरोघर फिरल्या. शैलेंद्र म्हणाले, “काकू, माझा अर्ज अगदी शेवटच्या टप्प्यात आहे हो.” एकीने सांगितले, फोटोत दिसते ती मी नव्हेच, साडी तशीच आहे. एक गृहस्थ म्हणाले की ते फक्त वड्यांसाठी आले होते, कुणाला निरोप आहे हे त्यांनी विचारलेसुद्धा नव्हते. बाईंना हे सगळ्यांत खरे वाटले. मग एकेकाने रुपेशला मेसेज केला, की आपला चेहरा तेवढा काढून टाकशील का. रुपेश मंडळाचा उत्साही कार्यकर्ता. त्याने नव्या ॲपने पहिली रांग काढली, मागची काढली, कडेने उभे होते तेही काढले, त्यांच्या जागी भिंत भरली, आणि फोटो पुन्हा पानावर चढवला.

अपिलाच्या दिवशी सरकारी वकिलाने तोच ताजा फोटो पडद्यावर दाखवला. रिकामा हॉल, रिकाम्या खुर्च्या, शाल पांघरून हसणारे सोखाराव, शेजारी पैठणीतल्या विजयालक्ष्मीबाई. मुक्ताही फोटोतून गेली होती. ती कडेला उभी होती, चुकून इतरांबरोबर पुसली गेली.

“अर्जदाराचा दावा आहे की त्याला या गावात मोठा समाज आहे,” वकील म्हणाला. “आम्हाला सासू दिसते.”

अपील फेटाळले. पुढच्या मंगळवारी सोखारावांना तुरुंगातून परस्पर विमानात बसवले. नॉम पेन्हच्या विमानतळावर अधिकारी त्यांच्याशी तिथल्या ख्मेर भाषेत बोलू लागला. सोखारावांची ख्मेर चौथ्या वर्षी थांबली होती. त्यांना दोनच वाक्ये नीट येत होती: भूक लागली, आणि आई कुठे आहे. त्यांनी दोन्ही म्हणून दाखवली. अधिकाऱ्याने शिक्का मारला.

पूर्वा आता बाबांशी फोनवर बोलते, तेव्हा इकडे संध्याकाळ आणि तिकडे मध्यरात्र असते. काल तिने आजीला पहिल्यांदाच मराठीत विचारले, “बाबा कधी येणार?” बाईंनी तिच्या पानात भरीत वाढले. मग म्हणाल्या, “यू आर ग्रँड.”

गणपती आले. हॉलच्या घडीच्या खुर्च्या कशा उघडतात हे मंडळात कुणालाच माहीत नव्हते. शैलेंद्र यांनी बाईंकडून सोखारावांचा तिकडचा नंबर घेतला. सोखारावांनी व्हिडिओवर, शुद्ध मराठीत, खालची कडी आधी दाबायची हे समजावले. उत्सव निर्विघ्न पार पडला. अध्यक्षांनी आभाराच्या भाषणात त्यांचा आवर्जून उल्लेख केला, आणि टाळ्या झाल्या.

निरोपाचा तो फोटो अजून मंडळाच्या पानावर आहे. त्या दुपारी तुम्हीही हॉलमध्ये होता का, कोणत्या रांगेत होता, किती जोरात टाळी वाजवली, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. रुपेशने फार सफाईने काम केले आहे. निर्धास्त असा.