समक्ष विश्रांती

तैपेईच्या लाय चिन-फंगबाईंची तक्रार एका ओळीत मावणारी होती: उभं राहिलं की डोकं फुटायचं, आडवं पडलं की थांबायचं. अशी सरळ तक्रार कुठल्याच सरकारी रकान्यात बसत नाही. त्यातून लेकीचं लग्न एकोणीस दिवसांवर आलेलं. वधूच्या आईनं अठ्ठावीस टेबलांपाशी जाऊन, उभं राहून, पाहुण्यांसोबत पेला उंचावायचा असतो. बाईंना तेवढंच जमायला हवं होतं.

डॉ. कुओ भले गृहस्थ. "पाठीच्या कण्यातलं पाणी कुठूनतरी झिरपतंय," ते म्हणाले. "मेंदूखालची पाण्याची गादीच ओसरलीय म्हणा ना, उभं राहिलं की तो खाली ओढला जातो. आता सुई न टोचता, औषध न सोडता, नुसत्या एमआरआयवर ते दिसतं. जागा कळली की तुमचंच रक्त तिथे टोचून भोक बुजवू."

"मग उद्याच करा की!"

"विमा समितीला आधी चौदा दिवसांच्या पूर्ण विश्रांतीचा पुरावा लागतो."

पुरावा म्हणजे शिक्का. तो मिळे विमा कचेरीच्या खिडकी क्रमांक सहावर, रोज, रुग्ण समक्ष हजर असेल तरच. बाई रोज दोन बस बदलून जात, कपाळ दाबत तासभर रांगेत उभ्या राहत आणि आपण अंथरुणातून उठलो नाही असं लिहून देत.

"मावशी, चेहरा किती उतरलाय तुमचा," खिडकीतली यू-थिंग कळवळून म्हणाली. "डॉक्टरांना विश्रांती वाढवायला सांगा ना!"

"नको गं बाई. आणखी विश्रांती घेतली तर मरेन मी."

पंधराव्या दिवशी एमआरआय झाला. चित्र झकास आलं, कण्याबाहेर पाण्याची पांढरी रेघ स्वच्छ दिसत होती. फक्त अर्जात एक रकाना होता: 'तपासणीवेळी वेदना'. यंत्रात आडव्या पडलेल्या बाईंनी खरं ते सांगितलं, "काही नाही." समितीनं तत्परतेनं कळवलं: 'गळती चित्रास आहे, रुग्णास तक्रार नाही. उपचार कोणावर करावेत, याचा खुलासा व्हावा.'

खुलासा जाईपर्यंत लग्न उजाडलं. लेक वान-यूनं आईला चाकांच्या खाटेवर निजवून टेबलाटेबलांतून फिरवलं. पाहुणे वाकून वाकून पेले भिडवत होते. बाई हसत होत्या, पण आतून त्यांना रडू फुटत होतं. लेकीच्या शेजारी दोन घटका उभं राहायचं, याहून जास्त काही मागितलंच नव्हतं त्यांनी.

रुग्णाला उभं राहता येत नाही याचा पुरावा म्हणून डॉ. कुओंनी लग्नातला तो खाटेवरचा फोटो समितीला धाडला. निकाल आला: 'रुग्ण हसतमुख. प्रकरण बंद.'

"अहो, मला एकदा उभं करून विचारा ना!" बाई समितीला फोन लावून ओरडल्या.

"ताई, तुम्ही आधी आडव्या व्हा बघू," पलीकडून मायेनं उत्तर आलं. "आडवं पडलं की सगळ्यांचीच तक्रार थांबते."

बाई आडव्या झाल्या, आणि थांबली. समितीचं चुकलं कुठे? तुम्हीही हे पडल्या पडल्याच वाचत असाल. काही दुखतंय? नाही ना? मग करा इथे सही.