‘आमच्याबद्दल’चा मजकूर

गादीवाल्यांच्या वेबसाइटचे सगळे तयार होते, फक्त ‘आमच्याबद्दल’ या पानावर टाकायला मजकूर नव्हता. गाद्यांचे फोटो होते, उशांचे होते, खुद्द गादीवाल्यांचा मिशीला पीळ देऊन काढलेला फोटो होता. डिझायनरने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा गादीवाले म्हणाले, "अहो, माझ्याबद्दल काय लिहायचं असतं? तुम्हीच टाका काहीतरी. आणि मिशी जरा काळी दिसेल का, तेवढं बघा."

मिशी काळी झाली. पान पांढरेच राहिले.

अशा वेळी डिझायनर त्या जागी ‘इथे मजकूर येईल’ हे वाक्य चाळीस वेळा चिकटवून मोकळा व्हायचा. पण एजन्सीच्या मॅडमना ते खपत नसे. "वाचणाऱ्याचा डोळा कुठे थांबतो ते त्यातनं कसं कळणार? खरं वाटेल असं काहीतरी लिही. नंतर बदलू," असे बजावून त्या बाकीच्या तिघांना घेऊन बैठकीला निघून गेल्या.

ऑफिसात पंखा आणि डिझायनर उरले. नोकरीसाठी या शहरात येऊन त्याला दोन वर्षे झाली होती. खरे वाटेल असे लिहायचे, तर त्याच्यापाशी सांगण्यासारखे एकच होते. त्याने हात न थांबवता लिहिले:

‘मी एकटा राहतो. घरी गेल्यावर दिवा मीच लावतो, मीच मालवतो, मधे कुणी काही म्हणत नाही. रविवारी भाजी आणायला तीनदा खाली उतरतो. एकदम सगळी आणत नाही, कारण भाजीवाली दर वेळी विचारते, "अजून काय देऊ?" रात्री झोप लागत नाही. पलंगाची एक बाजू दबली आहे. दुसरी अगदी नवी आहे.’

जागा झकास भरली. त्याने पान मॅडमना पाठवले आणि दाढ ठणकत होती म्हणून दोन दिवसांची रजा टाकली.

मजकूर इतका खरा होता की मॅडमना वाटले, तो गादीवाल्यांकडूनच आला. त्यांनी पान मंजुरीसाठी गादीवाल्यांना धाडले. गादीवाल्यांनी मोबाइलवर फोटो बोटांनी ताणून मिशी पाहिली. "फर्स्ट क्लास! करा चालू." वेबसाइट चालू झाली.

ती वापरायला सोपी असावी म्हणून डिझायनरनेच प्रत्येक पानावर ठसठशीत बटण ठेवले होते: ‘आमच्याशी बोला’. दाबले की फोन थेट गादीवाल्यांना. लोकांनी दाबले.

पहिला फोन एका निवृत्त मास्तरांचा. "गादी नकोय मला. तुम्ही बोला, मी ऐकतोय." मग एका बाईंचा, झोपताना पाय कोमट पाण्यात ठेवा म्हणून. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस फोन झाले. दुसऱ्या दिवशी ते पान वाचून गादीवाल्यांची थोरली बहीण बॅग घेऊन दारात हजर. "वहिनी सोडून गेली आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

हे गादीवाल्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातून ऐकले. तिने मोबाइल मागितला, चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचले.

"दुसरी बाजू नवी? कुठल्या पलंगाची?"

"अगं, मला काय माहीत!"

"दिवा कुठे लावता तुम्ही? इथे तर उठून पंखासुद्धा लावत नाही!"

तडक दुकानाची झडती झाली. तिथे मांडून ठेवलेल्या पलंगाची एक बाजू खरोखरच दबलेली निघाली. दुपारी गिऱ्हाईक नसताना गादीवाले त्यावर आडवे होत, एवढेच. पण हे आता कोण ऐकणार? नंतर भाजीवालीचाही शोध सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी डिझायनर सुजलेला गाल घेऊन ऑफिसात आला, तेव्हा मॅडम पर्स खांद्याला लावून उभ्याच होत्या. "मजकूर कुणाचा?"

"माझा," तो म्हणाला.

"लिहिलास तू ते कळलं. पण कुणाबद्दल आहे?"

"माझ्याबद्दलच."

मॅडमनी पर्स खांद्यावर नीट केली. मग म्हणाल्या, "चल. हे तिथे येऊन सांग."

गादीवाल्यांच्या घरी अकरा माणसे बसली होती. एका बाजूला बहिणीची, दुसऱ्या बाजूला बायकोची, आणि मधे गादीवाले. डिझायनरने मान खाली घालून सगळे सांगितले. आता नोकरी गेली, असे त्याने मनाशी धरून ठेवले होते.

"म्हणजे एकटे हे आहेत होय!" बहीण म्हणाली. आणि घर त्याच्याकडे वळले. गादीवालीणबाईंनी त्याला हाताला धरून पानावर बसवले. दाढ दुखते म्हटल्यावर भात मऊ करून आणला. बहिणीने वय विचारले, उंची विचारली, आईचा नंबर घेतला. मॅडमसुद्धा म्हणाल्या, "दोन वर्षं माझ्यासमोर बसतोस, बोलला नाहीस कधी." तेवढा मऊ भात संपवायला त्याने फार वेळ लावला. ते दाढेमुळे, असे त्याने सगळ्यांना सांगितले.

या गडबडीत गादीवाल्यांकडे कोणी पाहिले नाही. त्यांच्यावरचा आळ गेला होता आणि त्याबरोबर त्यांच्याभोवतीची माणसेही.

डिझायनर निघाला तेव्हा ते चपला न घालताच जिन्यापर्यंत मागे आले.

"तो मजकूर आजच काढणार का?"

"आत्ता जाऊन काढतो. खरंच माफ करा."

"उद्या काढलात तरी चालेल." गादीवाले कठड्यावरून हात फिरवत राहिले. "त्याचं काय आहे, तीस वर्षं मी गिऱ्हाइकाला विचारत आलोय, झोप लागते का. मला कुणी विचारलं नव्हतं. तीन दिवस सारखे विचारत होते हो."

"मग लागते का?" डिझायनरने विचारले.

"नाही ना," गादीवाले म्हणाले, आणि पायरीवर बसले. डिझायनरही बसला. खाली रिक्षा थांबवून त्याची वाट पाहणाऱ्या मॅडमनी ती सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी पानावर नवा मजकूर चढला: गेली तीस वर्षे विश्वासार्ह सेवा वगैरे. दुपारी तीनला, दुकानात गिऱ्हाईक नसते त्या वेळेला, गादीवाल्यांचा फोन आला.

"‘तीस वर्षे’च्या पुढे एक स्वल्पविराम हवा होता."

डिझायनरने स्वल्पविराम दिला. मग अर्धा तास दोघे दाढेबद्दल बोलले. पुढच्या दिवशी तीनला पुन्हा फोन. स्वल्पविराम जरा जास्त वाटतोय, काढता येईल का? काढला.

एजन्सीच्या नियमाप्रमाणे दुरुस्त्यांच्या तीनच फेऱ्या मिळतात. गादीवाल्यांची कालची सतरावी होती. आज काय, ते अजून कळलेले नाही. तीन वाजायला दहा मिनिटे आहेत, आणि डिझायनरने खुर्ची फोनजवळ ओढून घेतली आहे.